आषाढातला दिवस धरून हिशेब करा: गावाकडच्या घरासाठी छोटी सौर बॅकअप यंत्रणा

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीचे विजेचे खांब आडवे केले. त्यानंतर तीन आठवडे आमच्याकडे लाईट नव्हती. गावात एकाकडे जनरेटर होता. फोन चार्ज करून घेण्यासाठी त्याच्या पडवीत सकाळपासून माणसे बसलेली असत, आणि मुंबईतल्या मुलाला "आम्ही सुखरूप आहोत" एवढे कळवायला माझ्या आईने दोन दिवस वाट पाहिली. त्याच पावसाळ्यानंतर मी सौर बॅकअप बसवला. तो चुकीचा बसवला, वर्ष-सव्वा वर्षात बॅटरी गमावली, आणि मग सगळा हिशेब नव्याने मांडून दुसऱ्यांदा बसवला. आता ती यंत्रणा नीट चालते. माझा वाया गेलेला वेळ आणि पैसा दुसऱ्या कोणाचा जाऊ नये, म्हणून सगळ्या पायऱ्या क्रमाने लिहितो आहे.

हा लेख ३०० ते ७०० वॉटच्या लहान यंत्रणेबद्दल आहे. दिवे, पंखे, फोन, राउटर आणि गरज पडल्यास छोटा टीव्ही एवढे तिच्यावर चालते. पाण्याचा पंप, गिझर, इस्त्री, मिक्सर यांचा विचार येथे केलेला नाही. एक अश्वशक्तीचा पंप चालताना हजार वॉटच्या आसपास घेतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे त्याचे गणित वेगळे असते.

पायरी १: लाईट गेल्यावर वीज हवी आहे, की बिल कमी करायचे आहे?

सर्वांत मोठा गोंधळ याच ठिकाणी होतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोन किलोवॉटला ६०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान मिळते. हे अनुदान महावितरणच्या जाळ्याला जोडलेल्या यंत्रणेला आहे. अशा यंत्रणेत तयार झालेली वीज घरात वापरली जाते, उरलेली बाहेर जाते आणि बिलात तिची वजावट मिळते. बिल कमी करण्यासाठी ही योजना उत्तम आहे.

मात्र बॅटरी नसलेला असा जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर (पॅनेलच्या किंवा बॅटरीच्या विजेचे घरात वापरायच्या विजेत रूपांतर करणारे यंत्र) बाहेरची वीज गेली की त्याच क्षणी आपणहून बंद होतो. तो बिघाड नव्हे, ती सुरक्षेची सोय आहे. खांबावर चढून तार जोडणाऱ्या माणसाला तुमच्या छपरावरच्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी तसे करणे बंधनकारक आहे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने तीन किलोवॉटची यंत्रणा बसवली आणि पहिल्याच वादळात भर दुपारी लख्ख ऊन असताना घरातले सगळे पंखे थांबले. त्यांना हे आधी कोणी सांगितले नव्हते.

म्हणून आधी स्वतःशी ठरवा. बिल कमी करायचे असेल तर अनुदानाची योजना घ्या. लाईट गेल्यावर वीज हवी असेल तर बॅटरी लागेलच, मग ती स्वतंत्र छोट्या यंत्रणेत असो वा हायब्रिड, म्हणजे जाळे आणि बॅटरी दोन्हींना जोडता येणाऱ्या, इन्व्हर्टरबरोबर असो. येथून पुढे मी स्वतंत्र छोट्या यंत्रणेबद्दल लिहितो.

पायरी २: एका रात्रीचा हिशेब वहीत मांडा

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "किती वॉटचे पॅनेल हवे?" त्या प्रश्नाला एवढ्यात उत्तर देऊ नका. पॅनेल शेवटी ठरते. आधी रात्रीचा खप, मग बॅटरी, मग पॅनेल, हा क्रम सोडू नका.

प्रत्येक वस्तूचे वॉट तिच्यावरच्या पट्टीवर लिहिलेले असतात. वॉट गुणिले तास म्हणजे वॉट-तास. आमच्या घराचा हिशेब असा आहे:

– ९ वॉटचे चार एलईडी दिवे, पाच तास: १८० वॉट-तास
– ३० वॉटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे) पंखे, आठ तास: ४८० वॉट-तास
– १० वॉटचा राउटर, दहा तास: १०० वॉट-तास
– तीन फोन, प्रत्येकी एकदा पूर्ण चार्ज: सुमारे ७५ वॉट-तास

एकूण ८३५ वॉट-तास झाले. इन्व्हर्टर बॅटरीतली सगळी वीज तशीच्या तशी पुढे देत नाही, सुमारे पंधरा टक्के त्याच्यातच खर्च होतात. म्हणून ८३५ ला ०.८५ ने भागा. उत्तर येते ९८२. म्हणजे बॅटरीतून रोज जवळजवळ एक हजार वॉट-तास, अर्थात एक युनिट, बाहेर काढायचे आहे.

या यादीत पंख्याकडे नीट पाहा. जुना साधा छताचा पंखा ७५ वॉट घेतो. तसे दोन पंखे आठ तास चालवले तर एकट्या पंख्यांचेच १,२०० वॉट-तास होतात. मी आधी दोन्ही पंखे बदलले आणि मग बॅटरी घेतली. पंख्यांवर जो खर्च झाला, त्याहून अधिक बॅटरी आणि पॅनेलवर वाचला. घरात अजून जुने पंखे असतील तर सौर यंत्रणेची पहिली खरेदी पंख्याचीच करा.

पायरी ३: बॅटरी निवडा, आणि तिच्यातले अर्धेच आपले समजा

बॅटरीवर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास असे लिहिलेले असते. दोन्हींचा गुणाकार १,८०० वॉट-तास. एवढे सगळे आपल्याला वापरायला मिळेल असे नवख्या माणसाला वाटते आणि मलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात लेड-ॲसिड (शिसे आणि आम्लाची, घरच्या इन्व्हर्टरला सहसा असते ती) बॅटरी रोज निम्म्यापेक्षा खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीतून ९०० वॉट-तास धरावेत. आमची गरज ९८२ आहे, म्हणजे एक बॅटरी एका रात्रीलाही अपुरी. मी आता दोन बॅटऱ्या एकसर (एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला) जोडून २४ व्होल्टची यंत्रणा केली आहे. तिच्यातून १,८०० वॉट-तास मिळतात, म्हणजे उन्हाचा कवडसाही न पडता जवळजवळ दोन रात्री निघतात.

लेड-ॲसिडमध्ये सौर कामासाठी उंच टाक्यांची ट्यूब्युलर बॅटरीच घ्यावी. गाडीची बॅटरी घेऊ नये. गाडीची बॅटरी क्षणभर प्रचंड करंट देण्यासाठी बनवलेली असते, तिच्यातून रोज हळूहळू वीज काढत राहिले तर ती काही महिन्यांतच निकामी होते. बॅटरीच्या अंगावर सी-१० की सी-२० लिहिले आहे तेही पाहा. सी-१० म्हणजे दहा तासांत रिकामी केली तर मिळणारी क्षमता आणि सी-२० म्हणजे वीस तासांत. सावकाश रिकामी केली की आकडा मोठा दिसतो, त्यामुळे १५० सी-२० ची बॅटरी १५० सी-१० पेक्षा लहान असते. दोन दुकानांतल्या किमतींची तुलना करताना हा फरक हमखास नजरेतून सुटतो.

दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२८० वॉट-तास असतात आणि त्यातले ऐंशी टक्के, म्हणजे १,०२४, निश्चिंतपणे वापरता येतात. ती हलकी असते, पाणी घालावे लागत नाही आणि अर्धवट चार्ज राहिली तरी तिला इजा होत नाही. पावसाळी भागात हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे. किंमत जास्त पडते. परवडत असेल तर मी लिथियमच सुचवीन, फक्त चार्ज कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधले यंत्र, पायरी ५ पाहा) आणि इन्व्हर्टर या दोन्हींमध्ये लिथियमसाठी वेगळी सेटिंग आहे याची खात्री करून घ्यावी.

एक चूक अगदी टाळा: घरात असलेल्या जुन्या बॅटरीला नवी बॅटरी जोडू नका. एकसर जोडलेल्या दोन बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुनी लवकर भरते आणि लवकर उतरते, आणि नवीलाही आपल्याबरोबर खाली ओढते.

पायरी ४: पॅनेल आषाढाच्या हिशेबाने घ्या

माझी बॅटरी कशी गेली ते आता सांगतो. पहिल्या वेळी मी १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला १०० वॉटचे एकच पॅनेल जोडले. "बॅटरी हळूहळू भरेल, पण भरेल," असे विक्रेत्याने सांगितले होते. एप्रिल-मे महिन्यांत खप कमी ठेवला तर निभावत होते. पण जुलैमध्ये त्या पॅनेलमधून दिवसाला दोनशे वॉट-तासही येत नव्हते आणि खर्च त्याच्या चौपट होता. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहिली. लेड-ॲसिड बॅटरी अशी रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर चढतो आणि तो पुन्हा उतरत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ती बॅटरी सायंकाळी सातला दिवे लावले की नऊला मान टाकू लागली.

म्हणून हिशेब असा करा. बॅटरीतून ९८२ वॉट-तास काढायचे आहेत. लेड-ॲसिड बॅटरी भरताना सुमारे वीस टक्के वाया जातात. धूळ, काचेची उष्णता आणि तारा यांत आणखी पंचवीस टक्के धरा. दोन्ही मिळून ९८२ भागिले ०.६, म्हणजे सुमारे १,६४० वॉट-तास पॅनेलने दिले पाहिजेत. कोकणात हिवाळ्या-उन्हाळ्यात दिवसाला पाच तासांच्या कडक उन्हाइतका प्रकाश धरायला हरकत नाही, १,६४० भागिले पाच, म्हणजे सुमारे ३३० वॉट. दुकानदार येथे थांबतो. पण ज्या दिवसांत लाईट खरोखर जाते त्या आषाढ-श्रावणात हे पाच तास निम्म्यावर येतात. अडीच तासांनी भागले की उत्तर येते ६५५ वॉट.

आम्ही ३३० वॉटची दोन पॅनेल बसवली. उन्हाळ्यात त्यांची निम्मी वीज वापराविना राहते हे खरे, पण यंत्रणा घेतली आहे ती पावसाळ्यासाठी. देशावर, सोलापूर किंवा लातूरच्या बाजूला राहणाऱ्यांना पावसाळ्यातही आमच्यापेक्षा बरेच अधिक ऊन मिळते. त्यांनी साडेतीन-चार तास धरले तरी चालेल.

पॅनेल लेड-ॲसिड बॅटरीच्या मानाने फार मोठेही नसावे. बॅटरीला तिच्या अँपिअर-तासांच्या दहा ते पंधरा टक्के चार्जिंग करंट मानवतो, १५० ला १५ ते २२ अँपिअर. आमची ६६० वॉटची पॅनेल २४ व्होल्टच्या बॅटरीला प्रत्यक्षात २० अँपिअरच्या आसपास देतात.

पायरी ५: चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टर

पॅनेलमधली वीज सरळ बॅटरीत सोडता येत नाही, मध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पीडब्ल्यूएम स्वस्त असतो, पण तो पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर ओढतो. १८ व्होल्टवर १०० वॉट देणारे पॅनेल १३ व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएममधून ७२ वॉटच देते. एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टेजचे रूपांतर करंटमध्ये करतो आणि ही गळती वाचवतो. शंभर-दीडशे वॉटच्या यंत्रणेला पीडब्ल्यूएम पुरे. त्यापुढे एमपीपीटीच घ्यावा, ढगाळ दिवसांत त्याचा फरक डोळ्यांना दिसतो.

एमपीपीटी घेताना त्याची व्होल्टेजची कमाल मर्यादा वाचा. ७२ सेलच्या एका पॅनेलचे उघडे व्होल्टेज (पॅनेलला काही जोडलेले नसतानाचे) सुमारे ४६ असते. दोन एकसर जोडली की ९२ होते, आणि थंडीच्या पहाटे पॅनेल गार असताना ते आणखी चार-पाच व्होल्टने चढते. १०० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर तेथे काठावर येतो. मर्यादा ओलांडली की कंट्रोलर जळतो आणि त्याला वॉरंटी लागू होत नाही. १५० व्होल्टचा घ्यावा.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह, म्हणजे महावितरणच्या विजेसारखीच सलग लहरीची वीज देणारा, असावा. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखे घुमल्यासारखा आवाज करतात आणि तापतात.

ज्यांच्या घरी साधा इन्व्हर्टर-बॅटरी आधीच आहे, त्यांना सौर कंट्रोलर जोडता येतो. पण साधा इन्व्हर्टर लाईट असेपर्यंत बॅटरी लाईटवरच भरून ठेवतो आणि भरलेल्या बॅटरीपुढे पॅनेल दिवसभर रिकामे बसते. त्यासाठी ऊन असताना लाईटवरचे चार्जिंग थांबवणारे यंत्र मिळते, किंवा सौर प्राधान्य असलेला इन्व्हर्टर घ्यावा लागतो.

इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी वीज खातो, ही गोष्टही लक्षात असू द्या. आमचा रिकामा असताना १४ वॉट घेतो. वापर चालू असताना हा खप वरच्या पंधरा टक्क्यांत आला आहे. पण वापर नसताना चोवीस तास चालू राहिला तर त्याचे ३३६ वॉट-तास होतात, म्हणजे एका पंख्याच्या रात्रीपेक्षा जास्त. लांबलेल्या अंधारात दिवसा तो बंदच करावा.

पायरी ६: जागा

पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे आमच्याकडे १८ अंशांच्या आसपास, ठेवावा. कौलारू छपरावर पॅनेल बसवण्याचा मोह टाळा. ३३० वॉटचे पॅनेल दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि २२ किलो वजनाचे असते. ते नुसत्या कौलांवर टेकवता येत नाही, आणि वासे-रिपांना भोके पाडली की पावसाळ्यात गळती लागते. आम्ही मागीलदारी, चिऱ्याच्या गडग्यालगत जमिनीत काँक्रीट ओतून लोखंडी चौकट उभारली. वादळी वारा पॅनेलच्या खालून शिरून ते वर उचलतो, म्हणून चौकटीचे पाय नुसते मातीत पुरून भागत नाही. समुद्राजवळ असाल तर चौकट गॅल्व्हनाइज्ड आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, खारे वारे साध्या लोखंडाला दोन पावसाळेही टिकू देत नाहीत.

सावलीबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन. आमच्याकडे साडेतीननंतर शेजारच्या माडाची एक झावळी एका पॅनेलच्या खालच्या कडेवर आडवी सावली टाकायची. हाताएवढी ती सावली पाहून काही बिघडेल असे कोणालाही वाटले नसते. एकदा मी कंट्रोलरसमोर उभा राहून आकडा पाहत होतो. १७ अँपिअर होते. सावली काचेच्या कडेवर चढली, आकडा १४ झाला, मग १२, आणि झावळी पूर्ण रुंदीभर आडवी आली तेव्हा ९ वर येऊन थांबला. पॅनेलच्या आतले सेल एका माळेत ओवलेले असतात. त्यातले काही झाकले की ती अख्खी माळ बाजूला पडते. एका झावळीपायी एक पॅनेल गेले होते. चौकट उभारण्याआधी ठरवलेल्या जागी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता उभे राहून सावली कोठे पडते ते पाहा. सूर्य वर्षभरात उत्तर-दक्षिण सरकतो, तेव्हा हिवाळ्यातली लांब सावलीही ध्यानात घ्या. आणि माडाखाली पॅनेल कधीही नको, नारळ पडला की काच गेलीच.

बॅटरी घरात हवा खेळती असलेल्या जागी, फळीवर किंवा स्टँडवर ठेवावी. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो. आमच्या ओटीवरची कोपऱ्यातली जागा सोयीची होती, पण पलीकडेच देवघर आणि समईची ज्योत, म्हणून ती सोडली आणि बॅटऱ्या पडवीत ठेवल्या.

पायरी ७: तारा, फ्यूज आणि जोडणीचा क्रम

लागणारी हत्यारे: डीसी (पॅनेल-बॅटरीचा, एकाच दिशेने वाहणारा) करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, मल्टिमीटर, लेड-ॲसिडसाठी हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी), क्रिंपिंगची पक्कड, पाने, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. पाण्याची बादली आणि खाण्याचा सोडा हाताशी ठेवा. बॅटरीचे आम्ल जमिनीवर सांडले तर त्यावर सोडा टाकावा, अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे.

पॅनेलपासून घरापर्यंत उन्हात टिकणारी सौर डीसी केबलच वापरा. घरातली साधी वायर उन्हाने दोन वर्षांत तडकते. अंतराचा हिशेबही करा. आमचे अंतर १५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर तार. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एवढ्या लांबीला सुमारे ०.१५ ओहम रोध असतो. दोन पॅनेल समांतर (धन टोक धनाला, ऋण टोक ऋणाला) जोडली तर १७ अँपिअरहून अधिक करंट वाहतो आणि ३७ पैकी अडीच व्होल्ट तारेतच जातात. एकसर जोडली तर करंट निम्मा होतो आणि ७५ पैकी सव्वा व्होल्टच जातो. एमपीपीटी असेल आणि अंतर लांब असेल तर एकसर जोडणी बरी, ती याचसाठी.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवलाच पाहिजे. शॉर्ट झाला तर बॅटरी काही क्षणांत शेकडो अँपिअर सोडते आणि तार लालबुंद होते. आमच्याकडे बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची आखूड तार आणि ६० अँपिअरचा फ्यूज आहे. पॅनेलच्या बाजूला डीसी एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) लावा. घरातला साधा एमसीबी तेथे चालत नाही. घरातला विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसी प्रवाह कधीच शून्यावर येत नाही, म्हणून ठिणगी जळत राहते आणि साधा एमसीबी वितळतो. चौकटीला अर्थिंग द्या आणि सर्ज प्रोटेक्शन (विजा कडाडल्यावर तारेत येणारा जादा दाब जमिनीत सोडणारे साधन) बसवा, आमच्याकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार कडाडतात.

जोडणीचा क्रम ठरलेला आहे. आधी कंट्रोलरला बॅटरी जोडावी, म्हणजे तो १२ की २४ व्होल्ट ते ओळखतो, आणि मग पॅनेल. काढताना उलट: आधी पॅनेल, मग बॅटरी. पॅनेल जोडताना त्यावर जाड चादर टाका. हातातल्या बांगड्या, अंगठी, धातूचे घड्याळ काढून ठेवा. पाना दोन्ही टर्मिनलांना एकाच वेळी टेकू देऊ नका.

घरातल्या वायरिंगला इन्व्हर्टर जोडण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. इन्व्हर्टरची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी खुपसून घरभर वीज फिरवण्याचा प्रकार मी पाहिलेला आहे. त्याने वीज उलट खांबावर जाते आणि तार जोडणाऱ्या कामगाराचा जीव जाऊ शकतो. बॅकअपच्या दिव्या-पंख्यांचे सर्किट वेगळे काढणे हाच योग्य मार्ग आहे.

पायरी ८: खरेदीच्या वेळी घ्यावयाचे कागद

पक्के बिल, आणि त्यावर प्रत्येक पॅनेलचा व बॅटरीचा अनुक्रमांक. शिक्का आणि तारीख असलेले वॉरंटी कार्ड. पॅनेलच्या मागच्या पट्टीचा फोटो, तिच्यावर वॉट, उघडे व्होल्टेज आणि आयएस १४२८६ हे मानक असावे. भाड्याच्या घरात किंवा सोसायटीत राहत असाल तर मालकाची वा सोसायटीची लेखी परवानगी. अनुदानाच्या योजनेत जात असाल तर वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक, आधार आणि बँक खात्याचा तपशीलही लागेल.

बॅटरी घेताना तिची निर्मितीची तारीख पाहा आणि दुकानातच मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचे व्होल्टेज १२.४ च्या खाली असेल तर ती बराच काळ न भरता पडून आहे. ती घेऊ नका. पॅनेलच्या पंचवीस वर्षांच्या वॉरंटीचाही अर्थ विचारून घ्या: ती बहुधा वीजनिर्मितीच्या घटीची असते, काच, चौकट आणि जोडपेटीची वॉरंटी वेगळी आणि बरीच कमी वर्षांची असते.

पायरी ९: देखभाल

महिन्यातून एकदा बॅटरीच्या पाण्याची पातळी पाहा आणि कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. आरओचे पाणी, बाटलीतले पिण्याचे पाणी किंवा आम्ल घालू नका. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर आला तर सोड्याच्या कोमट पाण्याने धुवून, कोरडे करून पेट्रोलियम जेली लावा. पॅनेल सकाळी थंड असताना साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. पावसाळ्यात पाऊसच काच धुतो, पण खालच्या कडेला चिखलाची आणि शेवाळाची रेघ साचते आणि खालचे सेल झाकते. ती मऊ फडक्याने पुसावी लागते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी सगळे नट-बोल्ट आवळतो, माडाच्या वाळक्या झावळ्या उतरवून घेतो आणि हायड्रोमीटरने प्रत्येक टाकी तपासतो. एखाद्या टाकीचे रीडिंग बाकीच्यांपेक्षा बरेच खाली असेल तर बॅटरीची तक्रार पावसाच्या आधीच करता येते. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार उत्पादकांवर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी आहे, आणि नवी घेताना विक्रेता जुनीचे पैसे वळते करून देतो.

पायरी १०: लाईट चार-पाच दिवस आली नाही तर

हे नियम आधीच कागदावर लिहून इन्व्हर्टरशेजारी चिकटवून ठेवा, कारण वादळाच्या रात्री घरात तुम्ही असालच असे नाही. आमच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, आणि आईला ते चष्म्याशिवाय वाचता येते.

सकाळी सगळे दिवे-पंखे बंद करून, ऊन वर येण्याआधी, अर्ध्या तासाने बॅटरीचे व्होल्टेज पाहायचे (पुढचे आकडे आमच्या २४ व्होल्टच्या लेड-ॲसिड यंत्रणेचे आहेत). २५ च्या वर असेल तर नेहमीसारखे वापरायचे. २४.४ म्हणजे बॅटरी साधारण निम्मी उतरली: त्या रात्री एकच पंखा, आणि तोही घरात आजारी माणूस किंवा लहान मूल असेल तर. २४ च्या खाली गेले तर पंखे आणि राउटर बंद, फक्त दोन दिवे आणि फोन. फोन दुपारी ऊन असताना चार्ज करून घ्यायचे, रात्रीवर ठेवायचे नाहीत. शेजाऱ्यांचे फोन सकाळी अकरा ते तीन या वेळात घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे नाही, कारण त्या वेळी वीज सरळ पॅनेलवरून येते आणि बॅटरीला झळ पोहोचत नाही. २३.६ दिसले की इन्व्हर्टर पूर्ण बंद करायचा आणि बॅटरी पुन्हा २५ वर येईपर्यंत चालू करायचा नाही.